लोफोटेनला गाडीने जायचंय? मग आधी प्लॅन अर्धा करा

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्याही वर, लोफोटेन नावाची बेटं आहेत. समुद्रातून एकदम सरळ वर आलेले डोंगर, पायथ्याशी लाल लाकडी घरं, पांढऱ्या वाळूचे बीच, आणि या सगळ्यातून जाणारा ई१० हा एकच मुख्य रस्ता. परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हटल्यावर यंदा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हीच जागा विचारलीये, म्हणून यावेळचं अख्खं सदर तिलाच. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं, मी, नवरा आणि सासूसासरे (दोघंही सत्तरीचे), जूनच्या शेवटी आठ दिवस नॉर्वेला चाललोय. ऑस्लोला उतरून गाडी घ्यायची, बर्गेन करायचं, गायरांगर फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी) करायचा, मग तशीच गाडी वर लोफोटेनला न्यायची आणि परत ऑस्लो. नवरा म्हणतो आरामात होईल, त्याला ड्रायव्हिंगची हौस आहे. होईल का?

नवऱ्याचं होईल, सासूसासऱ्यांचं नाही होणार. अगं, ऑस्लोहून लोफोटेन सरळ जरी गेलं तरी १३०० किलोमीटरच्या वर आहे आणि ते काही एक्सप्रेसवेवरचे किलोमीटर नाहीत, शहराबाहेर नॉर्वेत साधारण ८० ची लिमिट असते, बराच रस्ता दुपदरी, समोर एखादा कॅरॅव्हॅन आला की त्याच्या मागे बसायचं. त्यात बर्गेन आणि गायरांगर घातलंत तर आठातले सहा दिवस गाडीत. आणि गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडायची म्हटलं तर वनवेचे वेगळे पैसे लागतात, ते बघून डोळे पांढरे होतात.

माझं ऐकशील तर बर्गेन आणि गायरांगर या खेपेला सोड. ऑस्लोहून विमानाने बोडो किंवा एव्हेनेसला जा आणि गाडी तिथे घे. एव्हेनेसहून सगळा रस्त्याने प्रवास, २००७ मध्ये लोफास्ट नावाचा जोडरस्ता झाल्यापासून मधे फेरी घ्यावी लागत नाही, स्वॉल्वेर गावापर्यंत अडीच-तीन तास धर. बोडोहून मात्र गाडीसकट फेरी, तीन ते चार तासांची, ती थेट मॉस्केनेसला म्हणजे लोफोटेनच्या पार दक्षिणेकडच्या टोकाला सोडते. उन्हाळ्यात या फेरीचं आधी बुकिंग कर, रांगेत उभं राहून जागा मिळेल या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नकोस. मधला वेस्टफ्योर्ड चांगलाच हलवतो, उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी द्यायची, हलायला लागल्यावर देऊन उपयोग नसतो. प्रवासात गाड्यांच्या डेकवर परत जाऊ देत नाहीत, त्यामुळे जॅकेट, औषधं, पाणी, खाणं सगळं वर येतानाच हातात घ्यायचं.

राहायला दोनच ठिकाणं घ्या, रोज बॅगा भरू नका. एक स्वॉल्वेर, काबेलवोग नाहीतर हेनिंग्सवेर या पूर्वेच्या बाजूला, आणि दुसरं रेइने-हामनोयच्या बाजूला. तिथे रोरबू मिळतात, म्हणजे मासेमारीच्या मोसमात बाहेरून येणाऱ्या कोळ्यांसाठी पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या झोपड्या, राजा ओइस्टाइनने साधारण ११२० मध्ये पहिल्या बांधून घेतल्या असं सांगतात. आता आतून सगळ्या सोयी असतात, पण बऱ्याच रोरबूंमध्ये झोपायच्या खोल्या वर माळ्यावर आणि जिना शिडीसारखा उभा. बुक करताना खालच्या मजल्यावर बेडरूम आहे का हे मेल करून विचार, फोटोत ते कळत नाही.

प्रश्न : गूगल मॅप स्वॉल्वेर ते ओ (दक्षिण टोकाचं गाव) हे अंतर १३० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ सव्वादोन-अडीच तास दाखवतो. मग सगळे ब्लॉगवाले त्याला तीन-चार दिवस द्या का म्हणतात? एका दिवसात जाऊन-येऊन करता येणार नाही का?

येईल की. लोक करतातही. सकाळी निघतात, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, फोटो, परत गाडीत, संध्याकाळी थकून रूमवर, आणि नेमका त्या दिवशी ढग खाली असले तर एकही डोंगर न बघता परत. लोफोटेनची हीच गोम आहे, अंतर काहीच नाही पण हवा तासातासाला बदलते, आणि एका बेटावर पाऊस पडत असताना शेजारच्या बेटावर लख्ख ऊन असं सर्रास होतं. त्यामुळे इथे ठिकाणांची यादी करून ती क्रमाने संपवायची नसते, सकाळी उठून नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर हे ॲप उघडायचं आणि ऊन जिकडे असेल तिकडे गाडी वळवायची. अंतरं छोटी आहेत म्हणूनच हे परवडतं. पण त्यासाठी हातात मोकळे दिवस पाहिजेत, सगळं आधीच ठरलेलं असेल तर ॲप बघून करणार काय?

दुसरं म्हणजे रस्ता. ई१० चांगला आहे पण अरुंद आहे, रेइनेच्या बाजूला तर काही पूल एका वेळी एकच गाडी जाईल इतके चिंचोळे, आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर मोटरहोम, टुरिस्ट बस, सायकलवाले, पाठीवर सॅक घेऊन चालणारे आणि मेंढ्या. हो, मेंढ्या, मोकळ्या चरत असतात आणि रस्त्याच्या कडेला निवांत बसतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की ब्रेकवर पाय ठेवा, कोकरू आईकडे धावणारच.

आता ज्यावर माझा खरा राग आहे ते. समोर भन्नाट व्ह्यू आला की लोक गाडी रस्त्यातच थांबवतात. वळणावर, पुलावर, कुठेही. तिथल्या लोकांचा हा कामाला जायचा रस्ता आहे, ॲम्ब्युलन्सचाही हाच, दुसरा नाही. अरुंद रस्त्यावर निळ्या पाटीवर पांढरा इंग्रजी एम दिसतो, ती जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असते, पार्किंगसाठी नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. थांबायला केलेल्या जागा भरपूर आहेत, हा रस्ता नॉर्वेच्या १८ राष्ट्रीय निसर्गमार्गांपैकी एक आहे आणि त्यासाठी मुद्दाम पार्किंग, बाकडी, टॉयलेटं केलीयेत. एक हुकली तर पुढची येते. आणि मागे तीन-चार गाड्या जमल्या तर पुढच्या थांब्यावर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, तुम्ही सुट्टीवर आहात, ते नाहीयेत.

प्रश्न : लायसन्स कुठलं लागतं आणि तिथले नियम फार कडक आहेत असं ऐकलंय, थोडक्यात सांगा ना. डावीकडून चालवायची सवय आहे त्याचीही भीती वाटते.

आपलं मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही सोबत. नुसतं परमिट चालत नाही, ते मूळ लायसन्सच्या जोडीनेच वैध असतं. गाडी देणारे बहुतेकदा जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, नवऱ्याचं लायसन्स आणि बायकोचं कार्ड असं करून काउंटरवर अडकू नका.

उजवीकडून चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते, चूक होते ती नेमकी सवय झाल्यावर. पंपातून बाहेर पडताना, पार्किंगमधून सकाळी निघताना, रिकाम्या रस्त्यावर. शेजारी बसणाऱ्याचं कामच ते, प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. गाडी ऑटोमॅटिक घ्या, उजव्या हाताने गियर टाकायचं आणखी एक नवीन काम नको. राउंडअबाउटला आत असलेल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण चौकात काहीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येत असो. हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, आणि तिथला माणूस तुमच्याकडे न बघता सरळ बाहेर येतो कारण त्याला खात्री असते. पिवळ्या चौकोनाची पाटी, टोकावर उभा केलेला चौकोन, दिसली की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, तिथे हक्क तुमचा.

दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं. गावात ५०, घरं असलेल्या आतल्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी ३०, आणि स्पीडचे दंड असे की सुट्टीचं बजेट कोलमडेल. काही बोगद्यांत आणि रस्त्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारायची हुशारी तिथे चालत नाही. दारूची मर्यादा रक्तात ०.२ प्रोमिल (हजार भागांत ०.२ भाग), म्हणजे एक बिअरसुद्धा महागात पडू शकते, ज्याला चालवायचंय त्याने घ्यायचीच नाही, आणि आदल्या रात्रीची सकाळी मोजली जाते हेही लक्षात ठेवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट लागते. टोल भरायला थांबायचं नसतं, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल गाडीच्या कंपनीमार्फत नंतर तुमच्या कार्डावर येतं, तेव्हा घरी आल्यावर महिन्याभराने कुठली रक्कम कापली गेली म्हणून घाबरू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का पेट्रोल? बेटांवर चार्जिंग मिळतं का?

मिळतं, स्वॉल्वेर आणि लेकनेसला सहज. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे भाड्यानेसुद्धा तीच समोर येण्याची शक्यता आहे. बेटांवरची अंतरं बघता रोजच्या फिरण्याला पुरते, राहायच्या जागी रात्री लावता येते का तेवढं विचारून ठेवा. काउंटरवरून निघायच्या आधी चार्जरचं ॲप किंवा कार्ड कसं चालतं ते दाखवून घ्या. थंडीत मात्र रेंज बऱ्यापैकी कमी होते. पेट्रोल घेतलीत तर पंपावर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड हवं.

प्रश्न : मिडनाइट सन बघायचाय. रात्री गाडी घेऊन कुठे थांबायचं?

आधी तारखा, तिथे साधारण मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांपासून १४ जुलैच्या आसपासपर्यंत सूर्य मावळतच नाही. पण रात्री बाराला सूर्य उत्तरेला असतो, आणि तुमची रूम डोंगराच्या दक्षिणेला असेल तर रात्रभर उजेड असतो पण सूर्य दिसत नाही. रेइने, हेनिंग्सवेर, नुसफ्योर्ड ही सगळी फोटोतली गावं दक्षिण-पूर्वेच्या अंगाला आहेत. सूर्य बघायला बेटांची दुसरी बाजू गाठायची, जी उघड्या समुद्राकडे, वायव्य-उत्तरेकडे बघते. उत्ताक्लेव, उनस्टाड, एग्गुम, गिम्सोय बेटावरचं होव. उनस्टाडला तर लोक आर्क्टिकच्या पाण्यात सर्फिंग करत असतात, बघूनच हुडहुडी भरते.

मी तर म्हणेन जून-जुलैत दिवसच उलटा करा. दुपारी झोपा, जेवून नऊला बाहेर पडा आणि रात्री एक-दोनपर्यंत फिरा. रस्ता रिकामा, पार्किंग रिकामं, उजेड सोनेरी आणि डोंगरावर लांब सावल्या, दुपारच्या पांढऱ्या उन्हापेक्षा कितीतरी छान. फक्त एक, अंधार पडत नाही म्हणून मेंदू थकवा मान्य करत नाही आणि रात्री दोनला उजेडात डुलकी लागते, त्यात सूर्य खाली असल्यामुळे थेट डोळ्यांवर येतो. चालवणारे दोघं असतील तर उत्तम, गॉगल रात्रीसुद्धा गाडीत, आणि झोपायला आय मास्क न्याच.

प्रश्न : रेइनेब्रिंगेन हा रेइनेजवळचा डोंगर आईबाबांना घेऊन करता येईल का? नाही तर त्यांनी काय बघायचं?

नाही. ४४८ मीटर उंच आहे आणि जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतं. नेपाळी शेर्पांनी तिथे दगडी पायऱ्या बांधल्यात, दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे वाट पूर्वीसारखी घसरडी राहिली नाही, पण चढ तो चढच आणि उतरताना गुडघे बोलतात. तुम्ही पहाटे नाहीतर रात्री जाऊन या, तेव्हा पार्किंगची मारामारी कमी असते.

आईबाबांसाठी हाउकलान ते उत्ताक्लेव. दोन बीचच्या मधला डोंगर आता गाडी बोगद्यातून पार करते, आणि समुद्राच्या कडेने जाणारा जुना रस्ता चालायला मोकळा झालाय, बराचसा सपाट. त्यांना एका टोकाला सोडा, तुम्ही गाडी बोगद्यातून दुसऱ्या टोकाला न्या आणि थर्मास घेऊन वाट बघत बसा. पावसाच्या दिवसासाठी बोर्गचं लोफोत्र व्हायकिंग म्युझियम आहे, तिथे ८३ मीटर लांबीच्या घराचे अवशेष सापडले, आजवर सापडलेलं व्हायकिंग काळातलं सगळ्यात मोठं घर, आणि शेजारी ते पुन्हा उभं केलंय, आत चूल पेटलेली असते. नुसफ्योर्ड हे जपून ठेवलेलं कोळीवाड्याचं गाव छोटं आहे आणि उन्हाळ्यात आत जायला तिकीट लागतं. स्वॉल्वेरहून बोटीने ट्रोलफ्योर्डला नेतात, तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना कडे, वर समुद्री गरुड, हे बसून बघता येतं.

प्रश्न : नॉर्वेत कुठेही तंबू ठोकता येतो म्हणे. मग गाडीतच झोपलो तर हॉटेलचा खर्च वाचेल ना?

हा हक्क खरा आहे, १९५७ च्या कायद्यातच आहे, पण तो चालत येणाऱ्या माणसाचा आहे, गाडीचा नाही. न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर, राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब, साधारण दोन रात्री. गाडी रस्ता सोडून गवतावर नेणं बेकायदा. आणि लोफोटेनमध्ये इतकी गर्दी वाढलीये की बऱ्याच बीचवर आणि पार्किंगमध्ये रात्री राहायला बंदीच्या पाट्या आहेत. पाटी नसेल तिथेही कुणाच्या खिडकीसमोर गाडी लावून दात घासू नका हो. पैसे देऊन राहायच्या कॅम्पिंगच्या जागा भरपूर आहेत, त्यात गरम शॉवर आणि स्वयंपाकघर मिळतं, हॉटेलपेक्षा स्वस्तच.

खर्च वाचवायचाच तर खाण्यात वाचवा. किवी, रेमा १०००, कूप या दुकानांतून सामान आणून स्वतः शिजवा, नळाचं पाणी बिनधास्त प्या. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच फ्रीज भरायचा. शाकाहारी असाल तर बाहेर पर्याय फार कमी आहेत, मेन्यू म्हणजे मासा, मासा आणि मासा.

प्रश्न : नॉर्दर्न लाइट्ससाठी हिवाळ्यात गाडी घेऊन गेलो तर? बर्फात कधी चालवलेली नाही.

मग डिसेंबर-जानेवारी नको. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड आणि बाकी अंधार, त्यात काळा बर्फ, म्हणजे रस्ता नुसता ओला वाटतो पण त्यावर बर्फाचा पातळ थर असतो. पहिल्यांदा शिकायची ही जागा नाही.

फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च घ्या. दिवस मोठा झालेला असतो, लाइट्सचा मोसम एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो, आणि शिवाय खरं लोफोटेन तेव्हाच दिसतं. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला इथे येतो, बंदरं बोटींनी भरतात आणि लाकडी मांडवांवर हजारो मासे वाळत टांगलेले असतात, मीठ न लावता, नुसत्या वाऱ्यावर. हवा ना फार गरम ना फार थंड म्हणून हे जमतं, समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असूनही हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळतं. हा वाळलेला मासा सगळ्यात जास्त इटलीला जातो, डोकी नायजेरियाला. वास येतो, येणारच.

याच शून्याच्या आसपासमुळे बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि रस्ता निसरडा होतो, म्हणून खिळ्यांचे टायर मागा, उत्तर नॉर्वेत ते १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल वापरता येतात. पहिल्याच दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वेगात ब्रेक मारून बघा गाडी किती सरकते ते. आणि खरंच भीती वाटत असेल तर गाडी घेऊच नका, स्वॉल्वेरला राहा, रात्री लाइट्स दाखवायला घेऊन जाणाऱ्या टूर आहेत, चालवायचं त्यांनी आणि आकाशाकडे बघायचं तुम्ही.

प्रश्न : परतीच्या दिवशी वादळ आलं आणि फेरी रद्द झाली तर?

होतं असं, हिवाळ्यात जास्त. म्हणून फेरीने परतणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीचीच घ्या आणि शेवटची रात्र बोडोला काढा. एव्हेनेसहून उडणार असाल तर शेवटची रात्र विमानतळाच्या जवळ, रेइनेला नाही, रेइनेहून तिथपर्यंत पाच तास सहज जातात. रस्ता, पूल, फेरी काय चालू आणि काय बंद हे १७५ या नंबरवर रस्ते विभाग सांगतो. पोलिस ११२, ॲम्ब्युलन्स ११३, आग ११०, हे चारही नंबर मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा.